रिकाम्या खोलीतला उजेड

माझ्यावर सगळ्यांत जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मला विचार करावा लागत नाही. आप्पासाहेबांचे. आप्पासाहेब म्हणजे आमच्या शिक्षणसंस्थेचे अध्यक्ष. माझे वडील पाटसच्या साखर कारखान्यावर हंगामापुरते कामाला असायचे, आई दुसऱ्यांच्या मळ्यात भाजी खुडायला जायची, आणि आमच्या घरात दहावीच्या पुढं कुणी गेलं नव्हतं. दहावीचा निकाल लागल्यावर वडील मला घेऊन आप्पासाहेबांच्या दारात उभे राहिले. त्यांना बोलता येईना. आप्पासाहेबांनी माझी गुणपत्रिका पाहिली आणि म्हणाले, "ह्याला आपल्या वसतिगृहात टाका. फीचं मी बघतो." मग माझ्याकडं वळून, "पोरा, जेवलास का?" पुढं माझी पदवी झाली, एम.एस्सी. झाली, संस्थेच्याच दौंडच्या कॉलेजात नोकरी लागली. या सगळ्याच्या मुळाशी तो एक दिवस आहे. हे मी आधीच सांगून टाकतो, कारण पुढं जे लिहिणार आहे ते वाचून कुणी मला कृतघ्न म्हणेल. म्हणू दे. पण हा लेख आप्पासाहेबांवर नाही. तो इनामदार सरांवर आहे. सर गेले.

फोन आला तेव्हा मी दौंडला प्रात्यक्षिक परीक्षा घेत होतो. सरांची मुलगी सना बोलत होती. "दत्तादादा, पप्पा गेले..." एवढंच म्हणाली आणि फोन कुणीतरी तिच्या हातातून घेतला. चौफुल्याला गाडी बदलून न्हावऱ्याच्या रस्त्यानं शिरूरला जाताना खिशातला मोबाइल सारखा थरथरत होता. संस्थेच्या ग्रुपवर श्रद्धांजली सुरू झाली होती. समईचं चित्र, त्याखाली सरांचा फोटो, फोटोखाली "ऊर्जाबचतीचे अग्रदूत". पहिला मेसेज आमच्या रजिस्ट्रारचा होता. त्याखाली चौकशी समितीतल्या दोघांनी हात जोडले होते. याच तिघांनी वर्षभरापूर्वी सरांच्या नावापुढं एक वाक्य लिहून ठेवलं होतं. ते वाक्य अजून तिथंच आहे. माझ्या शेजारच्या सीटवरच्या बाईंनी विचारलं, "काय झालं दादा, कुणी गेलं का?" मी हो म्हटलं. मला रडू आलं होतं असं त्यांना वाटलं असेल. मला राग आला होता.

रफिक इनामदार सर मला भौतिकशास्त्र शिकवायला होते. कॉलेज शिरूर तालुक्यात, माळावर. तळेगाव ढमढेऱ्याकडून येणाऱ्या जीपमध्ये कोंबून पोरं यायची, आम्ही काही जण वसतिगृहात राहायचो. सर वर्गात कमी आणि व्हरांड्यात जास्त ऐकू यायचे. रिकाम्या वर्गात पंखे फिरताना दिसले की दारातून त्यांचा आवाज घुमायचा, "अरे, भुतांचा तास चालूय का इथं?" मग स्वतः आत जाऊन एकेक बटण बंद करायचे आणि पुढच्या वर्गाच्या दारात पुन्हा तेच. सर कुणी संत नव्हते. तापट होते, टोमणे मारायचे, पोरांच्या वह्या खिडकीतून भिरकावायचे. प्राचार्यांनी एकदा प्रत्येक दाराशी 'कृपया जाताना पंखे बंद करा' अशा पाट्या लावल्या, तेव्हा सर सगळ्यांसमोर म्हणाले, "पाट्या लावून माणूस सुधारला असता, तर जिन्यात थुंकायचं कधीच बंद झालं असतं."

कॉलेजच्या कुंपणापलीकडं एक वस्ती होती. तिथल्या लोकांची तक्रार कायमची, की विजेला दाब नाही, मोटार पाणी उचलत नाही. सर आम्हाला खिडकीशी उभं करून ती वस्ती दाखवायचे. "तिथं मोटार उठत नाही, आणि इथं बारा पंखे भिंतींना वारा घालतायत. याला शिक्षणसंस्था म्हणतात, लिहून घ्या." आम्ही हसायचो. एक दिवस ते म्हणाले, "हसून झालं असेल तर उद्यापासून कामाला लागा."

सरांनी तरुणपणी पाबळला राहून वायरिंग, वेल्डिंग असली हातकामं शिकून घेतली होती, त्यामुळं त्यांची प्रयोगशाळा नेहमी दुरुस्तीच्या दुकानासारखी दिसायची. तिथं आम्ही पाच-सहा पोरांनी पहिली पेटी बनवली. कल्पना साधी होती. छताला एक छोटा सेन्सर लावायचा, त्याला माणसाची हालचाल कळते. स्विचबोर्डाशेजारी एक पेटी, आणि पेटीत रिले, म्हणजे आपोआप उघडझाप करणारं बटण. वर्गात माणूस आला की वीज चालू, सगळे गेले की थोड्या वेळानं बंद. पहिल्यांदा आम्ही सगळे वर्गाबाहेर जाऊन दाराच्या फटीतून बघत बसलो होतो. आतला पंखा हळूहळू थांबला, तेव्हा सरांनी मला पाठीत असा धपाटा घातला की माझा चष्मा पडला. "बघ दत्ता, सांगावं लागलं नाही!" त्यांना त्यातली हीच गोष्ट आवडायची... कुणाला सांगावं लागलं नाही.

चुकाही झाल्या. सहामाही परीक्षेत भर पेपरात वर्गातले दिवे गेले. पोरं मान खाली घालून लिहीत होती, कुणी हलत नव्हतं, सेन्सरला वाटलं वर्ग रिकामा आहे. पर्यवेक्षकांनी दम भरलेला, की कुणी जागचं हलायचं नाही. शेवटी मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली, "सर, हलू का?" सरांना हे कळलं तेव्हा ते व्हरांड्यात एकटेच हसत उभे होते. म्हणाले, "चूक माझी. विचार करणारा माणूस हलत नाही, हे मला आधी सुचायला पाहिजे होतं." मग त्यांनी पेटीला तासांचं आणि परीक्षांचं वेळापत्रकही दिलं. वर्षा-दोन वर्षांत सगळे वर्ग, संगणक लॅब, वसतिगृह, पाण्याच्या टाकीची मोटार, सगळं त्या पेट्यांवर आलं. आम्ही पास होऊन गेलो, पुढची पोरं आली, ती पेट्या सांभाळायला शिकली. मी दौंडला शिकवायला लागलो ते त्यांचंच बघून.

आता ज्या दिवसाबद्दल लिहायला बसलो, त्याकडं येतो.

कॉलेजला दर्जा द्यायला बाहेरून समिती येणार होती. संस्थेनं अहवालात सरांचा प्रकल्प ठळकपणे घातला होता, आणि प्रात्यक्षिकाला मदत म्हणून सरांनी मला दौंडहून बोलावून घेतलं होतं. आदल्या दिवशी आप्पासाहेब पाहणीला आले. आमच्याकडची रीत सगळ्यांना माहीत आहे. पाहुणा येणार म्हटलं की झाडांच्या बुंध्यांना गेरू-चुना, दारात रांगोळी, आणि प्रत्येक खोलीत प्रत्येक दिवा चालू. लग्नघरासारखं. आप्पासाहेब व्हरांड्यातून चालू लागले, तर दोन्ही बाजूंचे वर्ग अंधारे. पोरं मैदानावर बँडची तालीम करत होती, वर्गांत कुणी नव्हतं.

आप्पासाहेब थांबले. "हे काय सर? पाव्हणं उद्या येणार आन् कॉलेज मसणवट्यावाणी काळं?"

सर म्हणाले, "आप्पासाहेब, पाहुणे हेच तर बघायला येणारेत. खोली रिकामी, म्हणून दिवा बंद."

"सर, दिवा बंद दिसला की लोक इचारत्यात, खोली रिकामी का? आधीच अॅडमिशनची बोंब हाय." आणि रजिस्ट्रारकडं वळून, "उद्या सगळं लखलखीत पायजे. कसं करायचं ते तुमी बघा."

रजिस्ट्रारांनी ते बघितलं. सर आणि मी संध्याकाळी सरांच्या घरी गेल्यावर रजिस्ट्रारांनी नामदेवमामांना, म्हणजे आमच्या वायरमनला, बोलावलं आणि सगळ्या पेट्या 'डायरेक्ट' करायला लावल्या. म्हणजे पेटी भिंतीवर दिसायला तशीच राहिली, पण वीज तिला वळसा घालून वायरीच्या एका तुकड्यानं थेट पंख्या-दिव्यांना दिली. घाईत केलेलं काम, वायरी नुसत्या पिळून वर पट्टी गुंडाळलेली. सरांना कुणी सांगितलं नाही. मला कुणी सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी समिती आली. पडद्यावर सरांनी नकाशे दाखवले, माझ्या हातात लॅपटॉप होता. समितीतल्या एक ज्येष्ठ प्राध्यापिका उत्सुकतेनं म्हणाल्या, "मला प्रत्यक्ष बघायचंय. आपण सगळे बाहेर जाऊ." आम्ही बाहेर गेलो. दार लोटलं. प्राध्यापिका, त्यांचे दोन सहकारी, प्राचार्य, रजिस्ट्रार, आप्पासाहेब, सर, मी... सगळे काचेतून आत बघत उभे. पंखा फिरत राहिला. सर म्हणाले, "थोडा वेळ लागतो." पंखा फिरत राहिला. सर माझ्याकडं बघू लागले. मी त्यांच्याकडं बघू लागलो. रजिस्ट्रार हसून म्हणाले, "आजच बिघडलं वाटतं सर." त्या क्षणी सरांनी मान वर करून पूर्ण व्हरांडा पाहिला, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. प्रत्येक खोलीत उजेड. त्यांना कळलं. मी पाहिलं, त्यांना कळलं. ते आप्पासाहेबांकडं बघत राहिले, आणि आप्पासाहेब पाहुण्यांना म्हणाले, "चला, जेवण थंड व्हतंय."

इतका तापट माणूस, पण सर त्या दिवशी ओरडले नाहीत. बाहेरच्यांसमोर संस्थेची लाज जायला नको, असं त्यांना वाटलं. मला आजही याचाच जास्त राग येतो. संस्थेची लाज राखली ती त्यांनी, आणि संस्थेनं घालवली ती त्यांची.

पाहुणे गेल्यावर सरांनी प्राचार्यांना सांगितलं, की ही डायरेक्ट जोडणी आजच्या आज काढा, हे सांधे तापतील. प्राचार्य म्हणाले, दिवाळीची सुट्टी झाली की बघू. सरांनी पुन्हा सांगितलं. दुसऱ्या दिवशी सुट्टी लागली, खोल्यांना कुलपं लागली, किल्ल्या ऑफिसात. कुणी बटणं बंद केली नाहीत, कारण पेट्या आल्यापासून बटण बंद करायची सवयच मोडली होती. सगळ्या सुट्टीभर बंद कॉलेजात पंखे फिरत होते, दिवे जळत होते. मग एका सकाळी रखवालदाराला संगणक लॅबमधून धूर दिसला. बोर्ड जळाला होता, पडदे जळाले, काही संगणक काळे पडले. कुणाला इजा झाली नाही, तेवढं नशीब.

चौकशी रजिस्ट्रार आणि आणखी दोघांनी एका बैठकीत उरकली. अहवालात लिहिलं, 'श्री. इनामदार यांनी बसवलेल्या सदोष घरगुती बनावटीच्या उपकरणामुळे आग लागली.' सरांनी विचारलं, जी पेटी त्या प्रवाहातच नव्हती ती पेटेल कशी? अहवाल सगळ्या स्टाफसमोर मोठ्यानं वाचला गेला. पेट्या उपटून भंगारात गेल्या. नामदेवमामांना मी नंतर गाठलं तेव्हा ते म्हणाले, "मला साहेबांनी सांगितलं, म्या केलं. चौकशीत इच्चारलं असतं तर तोंडावर बोल्लो असतो. पर मला कुणी इच्चारलंच न्हाई." हे काही गुपित नव्हतं. स्टाफरूममध्ये सगळ्यांना माहीत होतं. चहा पिताना सगळे हळहळायचे आणि बेल झाली की वर्गावर जायचे.

मी तेव्हाच आप्पासाहेबांकडं गेलो होतो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि 'बघतो' म्हणाले. सरांना हे कळल्यावर त्यांनी मला घरी बोलावून झाडलं. "तुला कुणी वकिली दिली? तुझी नोकरी पक्की व्हायचीय अजून. मी काही महिन्यांत निवृत्त होतोय, माझं मी बघेन. तू यात पडायचं नाही, समजलं? माझी शपथ आहे." सरांच्या पत्नी, आमच्या भाभी, चहा घेऊन दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "त्याला कशाला ओरडता? ज्यांना ओरडायचं त्यांना तर ओरडला नाहीत." सरांनी त्यांच्या हातातून चहा घेतला. नंतर निवृत्त झाले. निरोप समारंभाला गेले नाहीत. ते गेले तेव्हा डॉक्टर म्हणाले, हृदय. मी डॉक्टर नाही, मी काही म्हणत नाही.

सरांच्या चाळिसाव्याला शिरूरला त्यांच्या घरी गेलो होतो. फातिहा झाली, जेवणं झाली, पाहुणे पांगले. सना भांडी आवरत होती. ती डिप्लोमाला आहे, इलेक्ट्रिकलच्या. म्हणाली, "दादा, आमच्या वर्गातला एक जण तुमच्या संस्थेतल्या कुणाचा तरी भाचा आहे. परवा सगळ्यांत म्हणाला, तू तर वायरिंगला हात लावू नकोस, तुझ्या वडलांनी लॅब जाळली ना?" आणि मग, "मी काय उत्तर देऊ? कागदावर तर तेच लिहिलंय." भाभी म्हणाल्या, "मला त्यांच्या नावाचं काही नको. पुतळा नको, हार नको. तेवढं वाक्य काढा म्हणावं."

त्याच आठवड्यात आप्पासाहेबांनी मला बोलावलं. पोहे आले, चहा आला. म्हणाले, दौंडला नवी इमारत होतेय, तिथं 'इनामदार सर ऊर्जा कक्ष' काढायचा. पेट्या मी बसवायच्या, उद्घाटनाला मोठा पाहुणा, आणि स्मरणिकेत सरांवर लेखही मीच लिहायचा. "तुज्याशिवाय कोण लिवणार? तुजे गुरू व्हते."

मी म्हणालो, "आप्पासाहेब, आधी अहवालातलं ते वाक्य मागं घ्या."

"आरं दत्ता, गेलेल्या माणसाला त्या कागदाचं काय?"

"मागं राहिलेल्यांना आहे. सनाला आहे."

"म्हंजी मी सभेत हुबं राहून सांगू, की माज्या शब्दावर डायरेक्ट केलं?"

मी "होय" म्हणालो. आप्पासाहेबांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, "तुला हितवर कुणी आणलं, इसरलास काय?"

विसरलो नाही. म्हणून तर मला राग आवरत नाही. एखाद्या वाईट माणसानं हे केलं असतं तर मी दोन शिव्या घालून मोकळा झालो असतो. चांगल्या माणसानं केलं. शेकडो पोरांना हाताला धरून वर आणणाऱ्या माणसाला आपली चूक कबूल करणारे चार शब्द उच्चारायला जड गेले, आणि त्याच्या भोवतालच्या शिकल्यासवरल्या लोकांनी तो दोष त्याच्याऐवजी एका निर्दोष माणसाच्या गळ्यात बांधले. आम्ही पोरांना तारांमधून वीज कशी वाहते ते शिकवतो. खरं कसं बोलतात ते आमच्याकडून कोण शिकणार? सरांनी मला शपथ घातली होती, पण घालणारा माणूस गेला. स्मरणिकेसाठी मागितलेला लेख मी तिकडं दिला नाही, तो इथं देतोय. आणि आप्पासाहेबांना जे पत्र पाठवलं, तेही देतो. त्यात लपवण्यासारखं काही नाही.

आदरणीय आप्पासाहेब,

तुमच्यासमोर माझी जीभ अडखळते, म्हणून लिहितो. मी आज जो कुणी आहे तो तुमच्यामुळं आहे, हे मी घरीदारी सगळीकडं सांगतो आणि सांगत राहीन. उपकारांची परतफेड म्हणून तुम्ही मागाल ते काम करायला मी तयार आहे. पण हे एक काम माझ्याकडून होणार नाही. ज्या कागदावर सरांना दोषी धरलंय, तो तसाच ठेवून मी त्यांच्या नावाच्या खोलीत एकही तार जोडणार नाही.

मला तुमची माफी नको, सरांच्या घरच्यांनाही नको. एक सभा घ्या. ज्या सभागृहात तो अहवाल वाचला, तिथंच, त्याच सगळ्या माणसांना बसवून. नामदेवमामांना बोलवा आणि त्यांना विचारा. मग तुम्ही उभे राहून सांगा, की आग सरांच्या पेटीनं लागली नाही, आणि डायरेक्ट कुणाच्या सांगण्यावरून केलं ते. पहिल्या रांगेत भाभी आणि सना बसतील. त्या काही बोलणार नाहीत, मी त्यांना विचारलंय. त्यांना फक्त ऐकायचंय.

तुम्ही हे बोललात तर लोकांच्या नजरेत कमी व्हाल, असं तुम्हाला कुणी सांगत असेल तर तो तुम्हाला ओळखत नाही. मी ओळखतो असं समजून लिहितोय.

सभेचा दिवस कळवा. मी येईन. नोकरीत असलो तर रजा टाकून, नसलो तर तसाच.

आपला,
दत्तात्रय